प्यादी आणि शिबंदी

बुद्धिबळातले प्यादे पगार मागत नाही. बंडाळी मोडण्याच्या पुष्कळ पटखेळांत दोस्त फौजही अशीच मुकाट हलताना मी पाहते. आमच्या धारचा अनुभव निराळा आहे. १८५७ साली दरबारच्याच अरब-मकराणी शिबंदीने किल्ला बळकावला. इंग्रजांनी वेढा घातला. ऑक्टोबरअखेर ते आत शिरले, तो शिबंदी रातोरात निसटलेली! दंड बसला तो अल्पवयीन आनंदराव पवारांना. संस्थान खालसा झाले. १८६० मध्ये परत मिळाले, पण बेरसिया परगणा गेला तो गेलाच. अफगाणिस्तानवरील ‘अ डिस्टंट प्लेन’ या २०१३ च्या खेळात काबूलचे सरकार निराळा खेळाडू चालवतो आणि त्याची जीतही निराळी मोजतात. दोस्ताचा हिशेब वेगळा असतो, हे त्या खेळाने ओळखले. धारकरांना ते पूर्वीच कळले होते.