समुद्रघोडा आणि घरांतील समुद्र

उत्तरेस नर्मदा व दक्षिणेस तापी यांच्या मध्यें सातपुड्याची जी रांग उभी आहे, तिच्या माथ्यावर सुमारें ११५० मीटर उंचीवर तोरणमाळ हें गांव वसलें आहे. नंदुरबार जिल्ह्यांतील या थंड हवेच्या ठिकाणीं यशवंत तलावाचें गोडें पाणी आहे, गोरखनाथाचें मंदिर आहे, आणि मच्छिंद्रनाथाच्या नांवानें ओळखली जाणारी गुंफाहि आहे. माशाच्या पोटीं जन्मलेल्या योग्याचें नांव या डोंगरानें जतन केलें. समुद्र मात्र येथून सुमारें दोनशें किलोमीटर दूर आहे. अशा ठिकाणीं कोणा हौशी गृहस्थानें दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याची काचटाकी मांडून तींत समुद्रघोडा ठेवण्याचें मनांत आणलें, तर तें साधेल काय? प्रश्न वरवर गमतीचा वाटतो. परंतु त्याचें उत्तर शोधूं गेल्यास समुद्राचें पाणी म्हणजे काय, आणि त्यांतील एका जिवाची जबाबदारी पत्करणें म्हणजे काय, या दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो. समुद्रघोडा घरीं आणावा कीं नाहीं, हें शेवटीं पाहतां येईल. आधीं त्याला काय लागतें तें पाहावें.

तोंड घोड्याचें, शेपूट माकडाचें आणि अंगावर चिलखत, असें विचित्र रूप असलें तरी समुद्रघोडा हा मासाच होय. त्याला कल्ले आहेत, पर आहेत, पोटांत वाताशयहि आहे. मात्र इतर माशांप्रमाणें त्याच्या अंगावर खवले नसतात. त्वचेखालीं हाडांच्या कड्या एकीपुढें एक बसविलेल्या असतात. त्याच्या शेपटीला पर नसतो. काकडीच्या वेलीचा तणावा जसा काठीला विळखा घालतो, तशी ती समुद्रगवताच्या पात्याला विळखा घालते. पाठीवरील लहानसा पर सेकंदाला सुमारें ३५ वेळां हलवून तो उभ्यानेंच पुढें सरकतो; त्यामुळें पोहण्यांत तो फार मंद आहे. त्याला दांत नाहींत आणि जठरहि नाहीं. नळीसारख्या तोंडानें तो सूक्ष्म जीव पाण्यासह ओढून घेतो, आणि अन्न सांठविण्यास पोटांत जागाच नसल्यामुळें त्याला दिवसभर थोडें थोडें खात राहावें लागतें. मंद गति, आधार धरणारी शेपटी आणि जठराचा अभाव या तीन गोष्टी ध्यानांत ठेवल्या म्हणजे त्याच्या घराचे बहुतेक नियम आपोआप समजतात.

प्रथम पाण्याचा विचार करूं गेल्यास, समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे शंभर लिटरच्या टाकीस साडेतीन किलो क्षार लागतात. येथें स्वयंपाकघरांतील मिठाच्या बरणीची आठवण होणें साहजिक आहे. परंतु मिठाचे घटक, म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, हे समुद्रांतील क्षारांपैकीं शेंकडा सुमारें ८६ च भरतात. उरलेल्या चौदा भागांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादि द्रव्यें असतात, आणि सागरी जिवांचें पोषण त्यांवाचून होत नाहीं. म्हणून नुसतें मिठाचें पाणी म्हणजे समुद्र नव्हे. बाजारांत हीं सर्व द्रव्यें ठरलेल्या प्रमाणांत मिसळलेली भुकटी मिळते. ती क्लोरीन घालविलेल्या गोड्या पाण्यांत विरघळवून पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १.०२० ते १.०२५ यांच्या दरम्यान आणलें, म्हणजे तोरणमाळच्या माथ्यावरहि समुद्राचें पाणी तयार होतें. मात्र एक गोष्ट विसरूं नये. टाकींतील पाणी आटतें तेव्हां क्षार मागेंच राहतात. मिठागरांत जें मुद्दाम घडवितात, तें टाकींत नकळत घडत असतें. यास्तव आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेंच करावी. खारें पाणी ओतीत गेल्यास टाकी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते.

पाणी तयार होतांच मासा आणावा, या उतावळेपणानें अनेक टाक्यांचा नाश होतो. माशाच्या कल्ल्यांवाटें आणि उरलेल्या अन्नाच्या कुजण्यानें पाण्यांत अमोनिया उतरतो, व तो विषारी असतो. एका प्रकारचे जीवाणु त्याचें नायट्राइट करतात, तेंहि विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जीवाणु त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात, आणि तें अल्प प्रमाणांत फारसें बाधत नाहीं. वाळूवर व दगडांवर या जीवाणूंची वस्ती व्हावयास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळांत मासा न ठेवतां थोडें अन्न किंवा अमोनिया घालून जीवाणूंचें पोषण करावें लागतें. पाहणाऱ्यास टाकी रिकामी दिसते, परंतु तिच्यांत सर्वांत महत्त्वाचे रहिवासी तेव्हांच राहावयास येत असतात. तपासणींत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसूं लागल्यावरच टाकी मासा घेण्यास योग्य झाली असें समजावें. पुढेंहि नायट्रेट सांठूं नये म्हणून थोडें थोडें पाणी नियमानें बदलावें लागतें.

टाकीचा आकारहि प्राण्याच्या चालीवरून ठरतो. समुद्रघोडा उभ्यानें पोहतो, आणि नर-मादी प्रणयकाळीं एकमेकांसमवेत पाण्यांत वर चढत जातात. म्हणून टाकी उंच हवी. पाण्याची खोली निदान ४५ सेंटीमीटर, आणि एका जोडीस शंभराहून अधिक लिटर पाणी असावें. शेपटीस धरण्याजोगे आधार ठिकठिकाणीं हवेत. चपळ मासे त्याच्यापुढील घास पळवितात, खेकडे त्याला पकडतात, आणि समुद्रपुष्पें डंख करतात. म्हणून ही मंडळी त्याच्या शेजारीं नकोत. टाकींतील पाणी २२ ते २४ अंश सेल्सिअस इतपत असणें हितावह ठरतें, कारण अधिक ऊन पाण्यांत व्हिब्रिओ नांवाचे रोगकारक जीवाणु झपाट्यानें वाढतात. मुंबईच्या उन्हाळ्यांत त्यासाठीं पाणी थंड करणारें यंत्र लागेल. तोरणमाळच्या हिवाळ्यांत उलट तेंच पाणी ऊन ठेवावें लागेल. शिवाय तेथें उंचीचाहि परिणाम आहे. ११५० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानानें सुमारें एक-अष्टमांश कमी असतो, आणि त्याच प्रमाणांत पाण्यांत विरघळणारा प्राणवायुहि घटतो. खारें पाणी तर मूळचेंच गोड्या पाण्याहून सुमारें एक-पंचमांश कमी प्राणवायु धरून ठेवतें. यास्तव पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता ठेवावा, आणि आंतील प्रवाह मात्र सौम्य असावा, अशी दुहेरी कसरत करावी लागते.

परंतु खरी कसोटी अन्नाची आहे. समुद्रांतून धरून आणलेला समुद्रघोडा बहुधा हालतें भक्ष्यच ओळखतो. मेलेलें अन्न समोर असूनहि तो उपाशी राहतो. मायसिस नांवाचे कोळंबीसारखे इवलेसे जीव हें त्याचें आवडतें खाद्य. सहज मिळणाऱ्या आर्टेमियाचें पोषणमूल्य बेताचें असल्यामुळें आधीं आर्टेमियालाच पौष्टिक खाद्य चारावें लागतें. आणि हें सर्व दिवसांतून दोन-तीन वेळां, एकहि दिवस न चुकतां! लग्नकार्यासाठीं चार दिवस गांवाला जावयाचें झालें, तर मांजराला शेजारीण दूध घालील. या पाहुण्याची व्यवस्था कोण पाहणार?

आतां मुख्य प्रश्नाकडे वळावें. एवढें सर्व ज्याला साधेल अशा गृहस्थासहि भारतांत समुद्रघोडा घरीं आणण्याची मोकळीक नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं समुद्रघोड्यांचा समावेश झाला. वाघाला जें संरक्षण, तेंच या वीतभर माशालाहि मिळालें. अशा प्राण्याविषयींच्या अपराधास तीन ते सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मे २००४ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरहि बंधनें लागू झालीं. दुकानदाराच्या तोंडी हमीनें हा अपराध धुऊन निघत नाहीं.

हा निर्बंध कशासाठीं, याचें उत्तर त्या प्राण्याच्या संसारांतच आहे. मादी आपलीं अंडीं नराच्या पोटावरील पिशवींत घालते, आणि पुढें दोन ते चार आठवडे गर्भ वाहतो तो नर. एका वेळीं शेंकडों पिलें बाहेर पडतात, परंतु त्यांपैकीं फारच थोडीं वाढून मोठीं होतात. अनेक जातींत नर-मादी एकमेकांस धरून राहतात. त्यांतील एकाला जाळ्यानें ओढून नेलें, कीं दुसऱ्याचें प्रजोत्पादनहि खुंटतें. कोळंबीसाठीं तळ खरवडीत जाणाऱ्या जाळ्यांत हे मंदगति जीव सहज सांपडतात. चिनी वैद्यकासाठीं ते वाळवून विकले जातात, आणि शोभेच्या टाक्यांसाठीं जिवंत नेले जातात. दिवाणखान्यांतील एक समुद्रघोडा म्हणजे कोठल्या तरी खाडींत मोडलेला एक संसार असूं शकतो.

संशोधनाचा मार्ग अर्थातच वेगळा आहे. गोव्यांत दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत पिवळ्या समुद्रघोड्याच्या संवर्धनावर प्रयोग झाले आहेत. जन्मतःच भुकेल्या पिलांना योग्य भक्ष्य पुरविणें हीच अशा संवर्धनांतील मोठी अडचण असते. तज्ज्ञांनाहि जें जड जातें, तें हौसेखातर करूं जाण्यांत शहाणपण नाहीं.

मग तोरणमाळच्या त्या गृहस्थानें टाकी मोडून टाकावी काय? मुळींच नाहीं. वर सांगितलेलें क्षारांचें प्रमाण, जीवाणूंची प्रतीक्षा, आटलेल्या पाण्याची भर, प्राणवायूची काळजी, हें सर्व कोणत्याहि सागरी माशाच्या टाकीस लागू पडतें. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा विदूषक मासा आतां समुद्रांतून न पकडतां उबवणी-केंद्रांत वाढवितां येतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें दक्षिणेंत मंडपम् व विळिंजम् येथें हें साध्य केलें, आणि मुंबईनजीक ऐरोली येथें कांदळवन प्रतिष्ठाननेंहि तसें केंद्र उभारलें. तो मासा समुद्रघोड्याहून काटक आहे, आणि तयार खाद्यहि खुशीनें खातो. घेतांना मात्र तो केंद्रांत वाढलेला आहे याची खात्री करून घ्यावी.

सातपुड्याच्या या रांगेवर पडणारा पाऊस ओढ्यानाल्यांतून नर्मदा-तापींना मिळून अखेर खंबायतच्या आखातांत पोहोंचतो; म्हणजे समुद्राशीं तोरणमाळचें नातें जुनेंच आहे. एक चांगली काचटाकी घरांतील मुलांना तें नातें समजावून देईल. समुद्रघोड्याची गोष्टहि तिच्यापुढें बसूनच सांगावी. तो स्वतः मात्र खाडींतील गवताला शेपटीचा विळखा घालून आहे तेथेंच असूं द्यावा.