युद्ध आणि घरची ताटातूट

शिक्षक मित्रांनो, पालकहो, आपण मुलांकडून युद्धाच्या सनावळ्या पाठ करून घेतो, पण मागे राहिलेल्या घरांचं काय झालं, ते सांगायचं राहूनच जातं.

पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. तिथे कुत या गावी तुर्कांनी वेढा घातला. डिसेंबर १९१५ पासून जवळपास पाच महिने तो टिकला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जण कैद झाले.

शिपायाचं पत्र सेन्सॉरच्या हाताखालून जायचं. भीती वाटते असं लिहिलं तर लोक भित्रा म्हणतील, ही लाज वेगळीच. इकडे बायकोला बहुधा लिहिता-वाचता येत नसे. परक्याकडून, सासू-सासऱ्यांसमोर लिहून घ्यायचं, मग मनातलं काय सांगणार? दोन्हीकडून 'खुशाल आहे' एवढंच. त्याला रडायची चोरी. तिला रोज कुंकू लावताना, धनी जिवंत आहे की नाही, हेच ठाऊक नसायचं. दुःख एकच, कोंडमारा मात्र दोन तऱ्हांचा.

म्हणून वर्गात फौजीचं मूल असेल तर 'तुझे बाबा शूर आहेत' एवढ्यावर थांबू नका. त्यांची आठवण येते का, हेही विचारा. आणि त्याची आई शाळेत आली, तर तिलाही दोन शब्द बोलू द्या.