नशीब आणि कर्तृत्व

आपल्या वस्तीत एखादी मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली की शेजारणी म्हणतात, "नशीब काढलं पोरीनं!" कोणाचा मुलगा दारूच्या नादी लागला, तर खापर पुन्हा नशिबावरच. नळावर पाणी भरून, धाकट्यांना सांभाळून पोरीने रात्री केलेला अभ्यास त्या एका शब्दात वाहून जातो आणि दारुड्याला आयती सबब मिळते.

हा वाद तथागतांच्या काळचा आहे. मक्खली गोसाल शिकवीत की माणसाच्या हाती काहीच नाही. फेकलेला सुताचा गुंडा उलगडत संपतो, तसे शहाणे आणि मूर्ख ठरलेले फेरे घेऊनच सुटतात. पूरण कस्सप तर दानात पुण्य नाही, हत्येत पाप नाही असे सांगत. सामञ्ञफल सुत्तात अजातशत्रू राजा ही मते बुद्धांना सांगतो. हा राजा बापाचा जीव घेऊन गादीवर बसलेला! ही मते त्याला सोयीचीच होती, तरी त्याचे समाधान झाले नाही.

तथागतांचा सवाल सरळ होता. सारे पूर्वकर्माने किंवा ईश्वराच्या इच्छेने घडत असेल, तर खुनीही त्यामुळेच खुनी झाला. मग 'हे करावे, हे करू नये' याला अर्थ काय उरला? चेतना, म्हणजे मनाने ठरवून करणे, हेच त्यांच्या लेखी कर्म. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला, तो उगाच नव्हे. तो मानला तर अस्पृश्यता हे आपल्याच पापाचे फळ ठरते आणि अन्याय करणारा मोकळा सुटतो.

२० मार्च १९२७ चे महाड घ्या. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा १९२४ चा ठराव कागदावरच होता. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, मागोमाग जमलेल्या लोकांनी. नंतर मंडपात जेवणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. त्यांत लष्करात नोकरी केलेलेही होते; उलट हात उगारणे त्यांना कठीण नव्हते. बाबासाहेबांनी शांत राहायला सांगितले आणि लोक राहिले.

कोणी म्हणेल, काळ तसा होता, नेता तसा होता, म्हणून घडले. काळ होताच, नेताही होता. पण त्याच काळात कितीतरी जण घरी थांबले. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना गावात राहून पोट भरायचे होते. पोट तर गेलेल्यांनाही होते. परत त्याच गावात, त्याच मालकांच्या दारी जायचे आहे हे ठाऊक असून त्यांनी ओंजळ भरली. तळ्याच्या खटल्यात हायकोर्टाचा निकाल लागला तो १९३७ साली.