थंड पाण्यात उतरताना टाकी कोणती घ्यावी?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या श्रोत्यांकडून आमच्याकडे एक प्रश्न वारंवार येतो. तारकर्लीला स्कूबा केलं, आवडलं, पुढचं प्रशिक्षणही घेतलं. आता मुलगा कॅनडात किंवा बहीण इंग्लंडमध्ये आहे, तिकडे गेल्यावर तिथल्या थंड पाण्यात उतरायचंय. तिकडचे लोक स्टीलची मोठी टाकी घ्या म्हणतात. घ्यावी का? आजचं व्याख्यान या एका प्रश्नावर आहे.

आधी आमचाच एक अनुभव सांगतो. ओंटारिओतल्या एका तलावात आम्ही दोघं 20 मीटरवर होतो. वरचं पाणी बरं होतं. पण खाली जाताना एका थरानंतर तापमान एकदम कोसळलं, जेमतेम 4 अंश. पाठीवर नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी, तारकर्लीला असते तशीच. बाराव्या मिनिटाला गेज बघितलं, काटा 70 बारवर! मालवणच्या पाण्यात इतक्या वेळात काटा शंभराच्या खाली कधी गेला नव्हता. आम्ही लगेच वर निघालो आणि सुखरूप आलो. पण तेव्हा दहा बारही हाताशी उरले नव्हते, हे घरी येऊन कागदावर हिशेब मांडल्यावर कळलं. तोच हिशेब आज तुमच्यासमोर मांडतो.

पहिली गोष्ट, थंडीत टाकीतला दाब आपोआप उतरतो. हे आपल्याला नवीन नाही. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजला डिसेंबरात पहाटे निघालात, तर आदल्या दुपारी भरलेली चाकातली हवा कमी झालेली दिसते. पंक्चर नसतं, हवा फक्त आकसलेली असते. टाकीचंही तसंच. भरल्या भरल्या ती गरम असते, समजा 40 अंश. तेव्हा दाब 207 बार. तीच टाकी 4 अंशांच्या पाण्यात गेली की दाब सुमारे 183 वर येतो. एकही श्वास न घेता 24 बार गेले.

दुसरी गोष्ट, आपला श्वास. कोमट पाण्यात निवांत पोहणारा माणूस पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला 15 ते 20 लिटर हवा घेतो. थंडीत अंग ताठ होतं, जाड सूट प्रत्येक हालचालीला अडवतो, मन थोडं धास्तावलेलं असतं. मग 25 लिटर सहज लागतात. आमच्या त्या डाइव्हमध्ये तर 35 लागले होते. त्यात 20 मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे 25 चे 75 होतात आणि 35 चे 105.

आता मांडणी करू. नेहमीच्या ॲल्युमिनियम टाकीची पोटातली जागा 11.1 लिटर. 183 बारला ढोबळ 2,030 लिटर हवा. आमचे 105 गुणिले 12 मिनिटं म्हणजे 1,260 लिटर गेले. उरले 770, म्हणजेच 70 बार. काटा बरोबर होता, आमचा अंदाज चुकला होता.

मग परत फिरायचं कधी? इथे बरेच जण चुकतात. राखीव हवा एकट्यासाठी धरून चालत नाही. जोडीदाराची हवा संपली तर दोघांना एकाच टाकीवर वर यायचंय, तेही घाबरलेल्या श्वासाने. दोघांचे मिळून मिनिटाला 60 लिटर धरा. खाली एक मिनिट सावरायला, 180 लिटर. वर यायला दोन मिनिटं, सरासरी दाब दुप्पट, म्हणून 240. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, दाब दीडपट, 270. बेरीज 690, आपण 700 म्हणू. ॲल्युमिनियमच्या टाकीत हे 63 बार होतात. आम्ही 70 वर फिरलो होतो. सात बार शिल्लक!

आता मोठ्या टाकीकडे वळू. युरोपात 232 बारच्या स्टीलच्या टाक्या सर्रास मिळतात, 12 लिटर आणि 15 लिटर. गार झाल्यावर दाब साधारण 205. 700 लिटर बाजूला ठेवून, मिनिटाला 75 च्या हिशेबाने, 20 मीटरवर ॲल्युमिनियमची टाकी 18 मिनिटं पुरते, 12 लिटरची स्टील 23 आणि 15 लिटरची जवळपास 32. हा फरक नुसत्या मजेचा नाही. 18 मिनिटांत खाली जाऊन, काहीतरी बघून, शांतपणे परतायचं तर घाई होते. आणि घाई झाली की श्वास वाढतो.

पण स्टीलच का? मोठी ॲल्युमिनियमची का नको? इथे आपला घरातला गॅस सिलिंडर आठवा. त्यावर रिकाम्या सिलिंडरचं वजन रंगवलेलं असतं ना? डाइव्हिंगच्या टाकीचंही रिकामं वजन महत्त्वाचं, पण ते पाण्यातलं. ॲल्युमिनियम हलकं आणि कमी ताकदीचं, म्हणून भिंत जाड करावी लागते, टाकीचा आकार वाढतो आणि ती जास्त पाणी बाजूला सारते. भरलेली असताना ती किंचित बुडते. पण हवाही वजनदार असते, लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास. ती संपत आली की हीच टाकी सुमारे दोन किलोने वर ओढू लागते, आणि तेही नेमकं शेवटी, पाच मीटरवर स्थिर थांबायचं असतं तेव्हा. स्टीलच्या बहुतेक टाक्या रिकाम्या झाल्या तरी बुडत्या राहतात किंवा जेमतेम समतोल साधतात. थंड पाण्यातला जाड सूट आधीच तुम्हाला वर ढकलतो, त्यासाठी कमरेला शिसं बांधावं लागतं. स्टील घेतलं की त्यातलं काही शिसं कमी होतं. उगाच बांधलेल्या वजनाऐवजी हवा देणारं वजन पाठीवर येतं.

इतकं ऐकून कोणी म्हणेल, मग 15 लिटरचीच घेऊ. जरा थांबा.

कमरेचं शिसं संकटात सोडता येतं, पाठीवरची टाकी नाही. पातळ वेट सूट, जड स्टीलची टाकी आणि जॅकेट फाटलं, असा योग आला तर पाय मारून वर येणं अवघड. खोलीवर वेट सूट दबून त्याची तरंगण्याची ताकदही कमी झालेली असते. म्हणून जड स्टीलची जोडी ड्राय सूटशी जमते, कारण त्यात हवा भरून दुसरा आधार मिळतो. ड्राय सूटचं प्रशिक्षण मात्र आधी घ्यायचं, तलावाच्या काठावर नाही.

दुसरं म्हणजे, 15 लिटरची टाकी भरल्यावर वीस किलोंच्या पुढे जाते. बर्फाळ काठावरून ती पाठीवर घेऊन चालायचं आहे. डोंबिवलीच्या जिन्यावरून भरलेला गॅस सिलिंडर वर नेला असेल, त्याला वेगळं सांगायला नको. किरकोळ अंगाच्या माणसाला 12 लिटरची पुरेशी असते.

तिसरं, मोठी टाकी थंडीवर उपाय नाही. हवा रेग्युलेटरमधून पसरते तेव्हा तो थंड होतो आणि गोठून अखंड हवा सोडू लागतो. तेव्हा 15 लिटरही भराभर रिकामे होतात. युरोपीय मानकानुसार 10 अंशांखालचं पाणी थंड धरतात, त्यासाठी तपासलेलाच रेग्युलेटर घ्या. आणि बोटं बधिर झाली की हवा शिल्लक असली तरी डाइव्ह संपली, हे पक्कं ठरवून ठेवा.

चौथं, टाकी विकत घेऊन इकडे आणायचा मोह टाळा. आपल्याकडे असे सिलिंडर 2016 च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात आणि मंजुरी नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोकडून लागते. शिवाय खारी दमट हवा आत शिरली की स्टील आतून गंजतं. उष्ण समुद्राकाठी ॲल्युमिनियम टिकतं, त्यामागे हेही एक कारण आहे. जिथे उतरायचं तिथे भाड्याने घ्या आणि तपासणीच्या तारखेचा शिक्का बघूनच उचला.

तर आमचं उत्तर असं. तारकर्लीत ॲल्युमिनियम छान. थंड पाण्यात ड्राय सूट वापरता येत असेल तर 12 लिटरची स्टील, आणि श्वास जास्त लागत असेल, पाठ धडधाकट असेल तर 15 ची. टाकी बदलली की शिशाचा अंदाज नव्याने, उथळ पाण्यात, टाकीत 50 बार असताना तपासा.

आणि टाकी कुठलीही असो, उतरण्याआधी दोघांनी मिळून परतीचा आकडा काढा आणि पाटीवर लिहा. आम्ही तो त्या दिवशी लिहिला नव्हता. आता प्रत्येक वेळी लिहितो.