पात्याआधी शाफ्ट मोजा

टेबल सॉच्या फिरत्या पात्याला बोट लागताच ते क्षणात थांबवणारी यंत्रणा अमेरिकेत सक्तीची करावी की नाही, हा वाद २००३ सालच्या एका अर्जापासून सुरू झाला. बोटाऐवजी पात्यावर सॉसेज सरकवून दाखवण्याचं प्रात्यक्षिक एव्हाना सगळ्यांना पाठ झालंय. नियम लागू झाला तर आपलं एक कळीचं पेटंट खुलं करू, असं ही यंत्रणा बनवणाऱ्या सॉस्टॉप कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केल्यावर चर्चेला पुन्हा ऊत आला. या गदारोळात घरगुती वर्कशॉपमधल्या एका नेहमीच्या खरेदीकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. ती म्हणजे डेडो, कपाटाच्या उभ्या फळीत आडवा कप्पा बसावा म्हणून रुंद खाच पाडणारं पातं. साधं पातं लाकूड आरपार चिरतं, त्यामुळे त्याच्यामागची रायव्हिंग नाइफ नावाची पट्टी चिरेच्या फटीत राहते आणि वरचं गार्डही बहुधा तिच्याच आधाराने उभं असतं. डेडोची खाच आरपार नसते आणि पात्याचा व्यासही लहान, तेव्हा ती पट्टी आडवी येते. गार्ड आणि पट्टी दोन्ही काढून ठेवावी लागतात. सॉस्टॉपच्या यंत्रावरदेखील डेडोसाठी वेगळं ब्रेक कार्ट्रिज बसवावं लागतं. म्हणजे यंत्राचं सर्वात उघडं रूप आपण या पात्यासाठी पत्करतो. म्हणून त्याची निवड दातांच्या संख्येवरून करू नये, आधी यंत्राचा शाफ्ट मोजावा.

बाजारात प्रकार मुख्यतः दोन. एक डोलणारं पातं: एकच पातं तिरक्या हबवर बसवलेलं, फिरताना डावीउजवीकडे झुलत रुंद खाच काढणारं. ते स्वस्त असतं आणि रुंदी नुसती चकती फिरवून बदलते, म्हणून मोह होतो. पण शाळेतली भूमिती त्याच्या विरोधात जाते. आठ इंची पात्याची त्रिज्या साधारण १०० मिलिमीटर. मधल्या रेषेपासून ८ मिलिमीटर बाजूला झुकलेला दात शाफ्टच्या केंद्ररेषेपासून ९९.७ मिलिमीटरवरच पोचतो. खाचेचा तळ मध्ये खोल आणि कडांना सुमारे ०.३ मिलिमीटर उथळ राहतो. दात खास घासून ही चूक कमी करता येते, पण ती घासणीही एकाच रुंदीला नेमकी बसते. पातं लहान घेतलं तर वाक आणखी वाढतो. शिवाय असं झुलणारं वजन हलक्या यंत्राला थरथरवतं ते वेगळंच. दुसरा प्रकार थरांचा, म्हणजे स्टॅक: दोन बाहेरची पाती, मध्ये हवे तेवढे चिपर, म्हणजे मधलं लाकूड काढणारे थर. यात तळ सपाट येतो आणि कडा स्वच्छ राहतात. बाहेरच्या दातांची तिरपी टोकं कोपऱ्यात बारीक रेघ सोडतात, तिला अमेरिकन सुतार वटवाघळाचे कान म्हणतात. कप्पा बसल्यावर ते कान फक्त फळीच्या काठावरच दिसतात, त्यांचा बाऊ करायचं कारण नाही.

स्टॅकची खरी किंमत कळते ती प्लायच्या जाडीपाशी. अमेरिकेत पाऊण इंच म्हणून मिळणारा प्लाय प्रत्यक्षात बहुतेकदा २३/३२ इंचाचा, म्हणजे १८.३ मिलिमीटर असतो. पुरता पाऊण इंच होतो १९.०५. एवढ्या फरकाने कप्पा खाचेत खुळखुळतो, आणि ढिला सांधा डिंकाने भरून काढता येत नाही. आपल्याकडचा १८ चा प्लायही मोजल्याशिवाय १८ मानू नये. त्यावर दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटरचा सनमायका चढवला की हिशेब पुन्हा बदलतो. स्टॅकमध्ये पातळ शिम घालून रुंदी केसभर कमीजास्त करता येते. व्हर्नियर कॅलिपर आणि टाकाऊ तुकड्यावरची एक चाचणी खाच, यापुढे जाहिरातीतली सगळी विशेषणं फिकी.

आता मापाचा प्रश्न. दहा इंची यंत्राला आठ इंची डेडो, हे जवळजवळ ठरून गेलंय. पण गरज किती? १८ मिलिमीटरच्या फळीत खाच साधारण सहा मिलिमीटर खोल पुरते. दहा इंची पातं टेबलावर ७९ मिलिमीटर वर येत असेल, तर आठ इंची ५४ आणि सहा इंची २८ मिलिमीटर येईल. सहा इंची पातंही गरजेच्या चौपट खोल जातं, आणि हलकं असल्याने छोट्या मोटरवर ताण कमी पडतो. म्हणून घरगुती यंत्राला, यंत्राच्या पुस्तिकेची हरकत नसेल तर, सहा इंची स्टॅक घ्यावा. आठ इंचीचा हट्ट बहुधा ऐटीचा असतो. सॉस्टॉपवाल्यांना मात्र ही सूट नाही, त्यांचं डेडो कार्ट्रिज आठ इंचीसाठीच असतं. आणि शाफ्ट? सगळे थर चढवल्यावर नट पूर्ण आट्यांवर बसला पाहिजे. तो अर्धवट बसत असेल, तर ते यंत्र त्या रुंदीचं नाही. आपल्याकडे प्लायच्या टेबलाखाली हाताची सर्क्युलर सॉ उलटी टांगण्याची पद्धत आहे. तिचा शाफ्ट एका पात्यापुरता असतो, तिथे डेडोचा विचारही करू नये.

यावर हमखास आक्षेप येतो की युरोपात डेडो चालत नाही, मग आपण का वापरायचं? बंदीची गोष्ट सांगोवांगी फुगवलेली आहे. तिथल्या यंत्रांचे शाफ्टच बहुधा आखूड ठेवलेले असतात, आणि मोटर बंद केल्यावर पातं झटपट थांबावं या अपेक्षेत जड स्टॅक बसत नाही. तरी आक्षेपात तथ्य आहे, डेडोवाचून अडत नाही. तिथली स्वयंपाकघरं डॉवेल, स्क्रू आणि ३२ मिलिमीटरच्या छिद्रपद्धतीवर उभी राहिली, आपली मॉड्युलर किचनंही त्याच वळणाची. दुसरा आक्षेप राउटरचा: दोन पट्ट्यांमध्ये कप्प्याचाच तुकडा धरून जिग बांधला की बारीक बिटच्या दोन फेऱ्यांत नेमकी खाच निघते. हे खरं आहे. धूळ जास्त, वेळ जास्त, पण फळी जागेवर स्थिर असते आणि हत्यार हातात. वर्षाला एखादं पुस्तकाचं कपाट करणाऱ्याने राउटरच घ्यावा. एकाच मापाच्या तीस-चाळीस खाचा ज्याला काढायच्या आहेत, त्याच्यासाठी स्टॅकचा खर्च वसूल होतो. कपाटाच्या पाठीला लागणाऱ्या सहा मिलिमीटरच्या खोबणीला तर यातलं काहीच लागत नाही. यंत्रावरचं साधं पातं तीन मिलिमीटरच्या आसपास रुंद कापतं. फेन्स थोडी सरकवून दुसरी फेरी मारली की खोबण तयार.