सशाचे प्रतिपिंड आणि कर्करोगाचे निदान
स्तनाच्या कर्करोगात गाठीचा तुकडा तपासताना ‘हर-२’ या प्रथिनाचे प्रमाण पाहावे लागते, कारण पेशीच्या आवरणावर राहून आत विभाजनाचा संदेश पोहोचवणारे हे प्रथिन फार वाढले, तर पेशी बेसुमार वाढू लागतात. ते शोधण्यासाठी सशाला त्या प्रथिनाचा अंश टोचतात. तेव्हा सशाच्या अनेक प्रतिकारक पेशी त्या अंशाच्या निरनिराळ्या भागांना चिकटणारी प्रतिपिंडे बनवतात, आणि रक्तातून वेगळ्या केलेल्या या मिश्रणाला पॉलिक्लोनल प्रतिपिंड म्हणतात. १९९८ साली अमेरिकेत मान्य झालेल्या ‘हर्सेपटेस्ट’ चाचणीत असेच प्रतिपिंड आहे. ते गाठीच्या तुकड्यावर टाकून रंग दिल्यावर, प्रथिन असेल तेथे सूक्ष्मदर्शकाखाली पेशीची कड तपकिरी दिसते आणि तिच्या ठळकपणावरून ० ते ३ गुण देतात. ३ गुण असल्यास ट्रास्टुझुमॅब हे औषध उपयोगी पडू शकते, तर २ गुणांवर जनुकाची वेगळी तपासणी लागते. ससा बदलला की मिश्रणही थोडे बदलते, हा या पद्धतीचा खरा दोष असल्याने ज्ञात नमुना सोबत तपासणे आवश्यकच ठरते. उपचार कुठेही होवोत, अहवालात हर-२चा गुण लिहिला आहे का, हे रुग्णाच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना अवश्य विचारावे.