वाटेची हलकी भांडी

आश्विनात माहूरची रेणुका, मार्गशीर्षात माळेगावचा खंडोबा, आषाढात पंढरीची वारी. नांदेड-लातूरकडच्या माणसाला पायी चालणे नवे नाही. पण सोबत कोणती भांडी घ्यावीत, याचा विचार पुष्कळांच्या मनात खांदा दुखू लागल्यावरच येतो.

पाण्याचे वजन काही कमी करता येत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. आपल्याकडच्या उन्हात पाण्याची काटकसर करणे म्हणजे जिवाशी खेळ. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते! तेव्हा हलके करायचे ते भांडे.

पहिले भांडे वेलावरच पिकते. ते म्हणजे भोपळ्याचा तुंबा. भोपळा देठ वाळेपर्यंत वेलावर राहू द्या. मग देठासकट काढून सावलीत टांगा. दोन-तीन महिन्यांनी तो हलका होतो, आत बिया खुळखुळतात. आता तोंड कापा, पाणी भरून चार-पाच दिवस ठेवा, म्हणजे गर कुजून सुटतो. वाळू-खडे घालून खळखळून धुवा आणि असे पुन:पुन्हा करा. रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी जिभेवर थेंबभर घेऊन थुंका. कडू लागले तर तुंबा अजून तयार नाही. ही कसोटी टाळू नका, कारण कडू गरातल्या विषारी द्रव्याने उलट्या-जुलाब होतात, प्रसंगी प्राणावर बेतते. शेवटी बाहेरून तेल चोळा, लाकडी बूच बसवा आणि सुतळीचे शिंकाळे करा. शिवाय हाच सुका भोपळा बूच घट्ट लावून कमरेला बांधला, की पोहणे शिकणाऱ्याची सांगड होते.

दुसरे भांडे शिजवण्याचे. पितळेपेक्षा ॲल्युमिनियम तिपटीहून हलके. दीड-दोन लिटरचा, घट्ट झाकणाचा एकच डबा घ्या आणि त्याला लोखंडी तारेची कडी लावा. डब्यात खिचडी होते, पाणी उकळते, चालताना पीठ-मीठ त्यातच राहते. झाकण उलटे केले की ताटली झाली. तीन दगडांची चूल पुरे. चुलीवर ठेवण्यापूर्वी बुडाला बाहेरून ओली राख फासा, म्हणजे काजळी लगेच निघते. मात्र ताक, चिंच असे आंबट पदार्थ त्यात ठेवू नका.

ताट-वाटी तर न्यायलाच नको. माहूर-किनवटच्या रानात पळस उभाच आहे. पळसाला पाने तीनच, पण ती टाचून केलेली पत्रावळ आणि द्रोण जेवण झाल्यावर गाईपुढे टाकता येतात.

आता एक गोष्ट बजावून सांगायची. कापूस-सोयाबीनच्या मुलखात फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे घरोघर सापडतात. दिसायला हलके, झाकण पक्के, म्हणून कोणी ते पाण्याला घेतात. कितीही धुवा, ते विषच समजा. रंगाच्या डब्याचेही तेच. असा डबा भोक पाडून निकामी करा, म्हणजे पोरांच्याही हाती लागणार नाही.

निघण्याआधी आठवडाभर तुंबा भरून रात्रभर टांगून पाहा, डब्यात एकदा अंगणात खिचडी करून पाहा. जे गळायचे, करपायचे, ते घरीच कळलेले बरे.